प्लॅटिनम ज्युबिलीची सोन्याची गिन्नी (२०२२): घ्यायची तर साधीच घ्या

एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाला २०२२ मध्ये ७० वर्षं झाली, त्यानिमित्त ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, त्या वर्षीची सॉव्हरिन, म्हणजे आपण जिला गिन्नी म्हणतो ती, वेगळ्या डिझाईनची काढली. तिचा हा रिव्ह्यू आहे. मी बर्मिंगहॅमला राहते, ज्वेलरी क्वार्टर, म्हणजे इथला सराफ बाजार, जवळ आहे, त्यामुळे साधी बुलियनवाली (सोन्याच्या भावाने घेतात ती) आणि चकचकीत प्रूफ अशा दोन्ही हातात घेऊन नीट बघता आल्या, आणि विकत घेतली ती साधी. का घेतली ते सविस्तर सांगते, कारण राजघराण्यात काही झालं, लग्न, ज्युबिली, राज्याभिषेक, की इथे नाण्यांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो आणि त्यात खरं सोनं किती, मुलामा किती हे भल्याभल्यांना कळत नाही.

आधी वस्तू काय आहे ते. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे आपल्याकडे दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क असतो तेच सोनं. त्यातलं शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, बाकी तांबं. व्यास २२.०५ मिलिमीटर. २०११ साली आपल्याकडे जे एक रुपयाचं नाणं आलं ना, साधारण तेवढाच घेर, पण वजन त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, त्यामुळे पहिल्यांदा तळहातावर पडली की हात नकळत थोडा खाली जातो. रंगही बघण्यासारखा आहे. शेजारी २४ कॅरेटची ब्रिटानिया, म्हणजे मिंटचंच दुसरं सोन्याचं नाणं, ठेवली तर ती पिवळीधमक दिसते आणि गिन्नी जरा लालसर, उबदार, जुन्या पाटल्यांसारखी, मला स्वतःला हाच रंग जास्त आवडतो. आणि तांब्यामुळे ती जरा कडकही असते, सहज ओरखडे पडत नाहीत, हाताळायला भीती वाटत नाही.

आता डिझाईन. एका बाजूला जोडी क्लार्क या डिझायनरने केलेला राणीचा चेहरा, हा २०१५ पासून बहुतेक नव्या नाण्यांवर होता, त्यात नवीन काही नाही. खरी मजा मागच्या बाजूला आहे. एरवी गिन्नीच्या मागे घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज असतो, १८१७ साली पिस्त्रुची नावाच्या इटालियन कलाकाराने केलेला. २०२२ ला तो बाजूला ठेवून टिमोथी नोड यांनी केलेलं राजघराण्याचं मानचिन्ह घेतलं. मध्ये ढाल, एका बाजूला सिंह, दुसरीकडे युनिकॉर्न, वर मुकुट. नोड हे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्ससाठी (मानचिन्हांचं काम बघणारी तिथली संस्था) मानचिन्हं रंगवणारे कलाकार, म्हणजे हा त्यांचा रोजचा विषय, आणि ते कामात दिसतं. भिंग घेऊन बघा, ढालीचे चार भाग वेगळे कळतात, इंग्लंडचे तीन तीन सिंह दोन घरांत, स्कॉटलंडचा मागच्या पायांवर उभा राहिलेला एकटा सिंह, आणि आयर्लंडची वीणेसारखी हार्प. अख्खं नाणं जेमतेम बावीस मिलिमीटरचं आणि त्याच्या मध्यावरची ही ढाल, म्हणजे नखाएवढ्या जागेत एवढं सगळं बसवलंय आणि तरी गिचमिड झालेलं नाहीये. मी दुकानात उभी राहून बराच वेळ हेच बघत होते, दुकानदाराने शेवटी स्वतःचं भिंग माझ्याकडेच देऊन टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला.

एक गोष्ट मात्र खटकली. नाण्यावर ज्युबिलीचा उल्लेख कुठेच नाही. ७० आकडा नाही, १९५२ नाही, फक्त २०२२. ज्याला माहिती आहे त्यालाच कळणार की हे मानचिन्ह त्या वर्षी का आलं. प्रसंगाचं नाणं काढताय तर कोपऱ्यात दोन साल टाकायला काय हरकत होती असं मला वाटतं. किंमतही लिहिलेली नसते, पण ती गिन्नीवर कधीच नसते, कायद्याने ती आजही एक पौंडाचं चलन आहे, सोनं भले त्याच्या कितीतरी पट भरत असो. या एक पौंडाच्या भानगडीला फार महत्त्व आहे, पुढे सांगते.

साधी आणि प्रूफ यातला फरक आधी समजून घ्या कारण सगळा पैशाचा खेळ तिथे आहे. सोनं दोन्हीत तेवढंच, ७.३२ ग्रॅम, एक कणही जास्त नाही. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या ठशांनी, एकापेक्षा जास्त वेळा दाबून केलेलं नाणं. मागचा भाग आरशासारखा, त्यावर चित्र दुधी रंगाचं उठून दिसतं, सोबत लाकडी डबी, सर्टिफिकेट, पुस्तिका. दिसायला सुंदरच आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या आरशाचे आणि डबीचे पैसे भरपूर लावतात, आणि विकायला गेलात की बहुतेक दुकानदार नव्या प्रूफला सोन्याच्या भावापेक्षा जेमतेम थोडं वर देतात, डबीचं तर कुणी नावही काढत नाही. शिवाय एकदा बोट लागलं की ठसा उमटला, म्हणजे ती कुपीतच ठेवायची. आपल्या घरांत सोनं हातात घेऊन बघायची, लक्ष्मीपूजनाला ताटात मांडून हळदकुंकू वाहायची पद्धत आहे, प्रूफला हे काहीच चालत नाही. साधीला चालतं. साध्या गिन्नीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, प्रूफला तीन, आणि ते तीनही निव्वळ कारागिरीचे.

भाव बघायची पद्धत सोपी आहे, दुकानात गोंधळून जाऊ नका. त्या दिवसाचा २४ कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव घ्या, त्याला ७.३२ ने गुणा, हे झालं आतलं सोनं. दुकानदार सांगेल ती किंमत यापेक्षा किती वर आहे तेवढं बघा. साध्या गिन्नीला हा वरचा भाग थोडाच असतो, कुठल्याही दागिन्याच्या मजुरीपेक्षा पुष्कळच कमी. २०२२ ची गिन्नी एकाच वर्षाची असल्यामुळे काही जण तिच्यावर थोडं जास्त मागतात, तेवढं ठीक, पण कुणी "राणीची शेवटची ज्युबिली, पुढे किंमत कुठल्या कुठे जाईल" असं सांगून दीडपट दुप्पट मागायला लागला तर सरळ पुढच्या दुकानात जा. राणी त्याच वर्षी ८ सप्टेंबरला गेली हे खरं, लोकांच्या मनात या नाण्याला वेगळी जागा आहे हेही खरं, पण साध्या गिन्न्या मुबलक निघतात, ती काही दुर्मिळ वस्तू नाहीये. मी जिथून घेतली तिथे घ्यायचा आणि द्यायचा असे दोन्ही भाव स्क्रीनवर लावलेले होते, माझ्यासमोर वजन करून दाखवलं, ओळखपत्र बघितलं, बिलावर नाण्याचं साल लिहून दिलं. असंच दुकान शोधा. परत घ्यायचा भाव विचारल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून सोनं घेऊच नये.

टॅक्सचं आता. सोन्याच्या अशा नाण्यांवर इथे व्हॅट लागत नाही. त्याच ज्युबिलीची चांदीची नाणी घेतलीत तर २० टक्के व्हॅट, म्हणजे दुकानातून बाहेर पडायच्या आतच तेवढे गेले, बऱ्याच जणांच्या हे लक्षात येत नाही आणि चांदी स्वस्त म्हणून ती घेतात. दुसरं म्हणजे तो एक पौंडवाला मुद्दा. गिन्नी कायद्याने ब्रिटिश चलन असल्यामुळे इथे राहून विकलीत तर नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही. सोन्याचं बिस्किट किंवा दुसऱ्या देशाचं नाणं विकलंत तर लागू शकतो आणि त्याची वर्षाची सूट २०२४ पासून फक्त ३,००० पौंडांवर आली आहे. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी वगैरे थोडं थोडं सोनं करायचं असेल तर म्हणूनच मी बिस्किटापेक्षा गिन्नी सांगते. कायमचं भारतात परत गेलात आणि तिथे विकलीत तर मात्र भारताचे नियम लागतील, ही सवलत इथल्यापुरतीच धरा.

आता ज्यासाठी मुख्य लिहायला बसले ते. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पंच्याहत्तरीचे, एकटेच राहतात. गणपतीला त्यांच्याकडे गेलो होतो तर त्यांनी कपाटातून मोठा अल्बम काढला, "अगं ये, तुला राणीची सोन्याची नाणी दाखवतो". मोठी मोठी नाणी, राणीचा फोटो, रंगीत झेंडे, एकावर घोड्यांची बग्गी. मी एक उचललं आणि हलकंच लागलं. मागच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की तांबं आणि त्यावर सोन्याचा मुलामा. झालं असं होतं की पेपरमधल्या जाहिरातीत पहिलं नाणं जवळजवळ फुकट, फक्त पोस्टेज द्या, असं होतं, काकांनी फॉर्म भरला, आणि मग दर महिन्याला पुढचं नाणं घरी यायला लागलं, ठेवलंत तर पैसे द्या, नको तर अमुक दिवसांत परत पाठवा. परत पाठवणं त्यांना जमेना, पोस्टात जायचं, रांगेत उभं राहायचं, मग ठेवून घ्यायचे आणि चेक लिहायचे. काकूंच्या आठवणीसाठी नातीला द्यायची म्हणून ते जमवत होते. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की तोंडातून शब्द फुटेना. त्यांच्या पैशात खऱ्या गिन्न्या आल्या असत्या, एकीपेक्षा जास्त. मग दुसऱ्या दिवशी फोन करून, पत्र लिहून ते सगळं बंद करून घेतलं. आधीची नाणी कुणी घेईना, धातूला काही भावच नाही.

त्यामुळे जाहिरातीत हे शब्द नीट वाचा: "सोन्याचा मुलामा", "२४ कॅरेटचा थर", "सोनेरी". असा एक जरी शब्द असेल तर ते सोन्याचं नाणं नाही. ग्रॅममध्ये वजन आणि कॅरेट दिलेलं नसेल तरीही नाही. सर्टिफिकेट बघून हुरळून जाऊ नका, सर्टिफिकेट कशाचंही छापता येतं. घरात वडीलधारी माणसं एकटी राहत असतील तर त्यांच्या टपालावर एकदा नजर टाका, मनापासून सांगते.

हा मुलाम्याचा प्रकार आजचा नाहीये, पहिल्या मोठ्या ज्युबिलीपासूनचा आहे. १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या गादीवर येण्याला ५० वर्षं झाली तेव्हा सोन्याचांदीची नाणी बदलली, बोएम या शिल्पकाराने तिचा नवा चेहरा केला, डोक्यावर इतका छोटा मुकुट की लोकांनी नावं ठेवली आणि १८९३ ला तो चेहरा बदलावा लागला. पण खरी गंमत चांदीच्या सहा पेन्सच्या, म्हणजे अर्ध्या शिलिंगाच्या, नाण्यात झाली. त्याच्या मागे ढाल होती, अर्ध्या गिन्नीच्या मागे होती तशीच, आकारही जवळपास तोच, आणि किंमत कुठे लिहिलेली नव्हती. मग लबाड लोकांनी ते चांदीचं नाणं सोन्याच्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली आणि दहा शिलिंगांची अर्धी गिन्नी म्हणून खपवायला लागले. सरकारला त्याच वर्षी ते डिझाईन मागे घ्यावं लागलं. तेव्हा निदान तो गुन्हा होता, आज तोच मुलामा देऊन वर सर्टिफिकेट जोडलं की तो रीतसर धंदा होतो.

राजघराण्याच्या प्रत्येक प्रसंगाला सोनं निघतं असंही नाही, आणि ते सगळ्यांना मिळतं असंही नाही. १९३७ ला सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला सोन्याची नाणी फक्त प्रूफ सेटमध्ये निघाली, साडेपाच हजार सेट, आणि त्यांची कड साधी गुळगुळीत, एरवी असतात तशा रेघा नाहीत. त्याच्या आधीचा आठवा एडवर्ड, ज्याने गादी सोडली, त्याच्या नमुन्याच्या गिन्न्या अगदी मोजक्या बनल्या होत्या, त्यातली एक २०२० ला दहा लाख पौंडांना गेली. १९५३ ला एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या गिन्न्या तर विकायला आल्याच नाहीत, सरकारी संग्रहांसाठी तेवढ्या पाडल्या. १९७७ च्या रौप्यमहोत्सवाला जे मोठं २५ पेन्सचं नाणं निघालं ते तांबं-निकेलचं, तीन कोटी सत्तर लाखांच्या आसपास, इथे जुन्या प्रत्येक घरात ड्रॉवरमध्ये एक सापडतं आणि कुणी त्याला वर पैसे देत नाही. साध्या माणसाला सोन्याच्या भावात ज्युबिलीची गिन्नी मिळणं हे खरं म्हणजे २००२ पासूनचं. तेव्हाही नोड यांचीच ढाल होती, २०१२ ला पॉल डे यांनी सेंट जॉर्जच नव्या पद्धतीने केला, आणि मग ही २०२२ ची. तिघी एकत्र ठेवल्या तर फार छान दिसतात, आणि बजेटमध्ये एकच बसत असेल तर माझं मत २००२ किंवा २०२२, कारण २०१२ चं डिझाईन मला तितकं भावलं नाही. प्लॅटिनम ज्युबिलीला मिंटने १५ किलोचं सोन्याचं एक नाणंही केलं होतं, ते कौतुकाने बघायचं, आपला त्याच्याशी संबंध नाही.

शुद्धतेची काळजी करणाऱ्यांसाठी, आणि आपण सगळेच करतो: मिंटची नाणी दरवर्षी बाहेरच्या लोकांकडून तपासली जातात. वर्षभर पाडलेल्या नाण्यांतली काही बाजूला काढून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये सोनारांच्या संघटनेची ज्युरी ती मोजते, वजन करते, कस लावते. ट्रायल ऑफ द पिक्स म्हणतात, १२८२ पासून चालू आहे, ज्युबिलीची नाणीसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मुलामावाल्या नाण्यांना असली कुठलीही परीक्षा नाही.

गिन्नी आपल्याला परकी नाहीच मुळी. माझ्या आईकडे एक आहे, तिच्या आजीची, १९१८ सालची, पंचम जॉर्जचा चेहरा. लहानपणापासून बघितलेली पण इथे आल्यावर नाण्यांची गोडी लागली तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, घोड्याच्या पायाखाली साल आहे ना, त्याच्या जरा वर, जमिनीच्या रेघेवर बारीक अक्षर दिसतंय का बघ". तिने चष्मा लावून, खिडकीशी नेऊन बघितलं, "अगं हो, इंग्रजी आय आहे". म्हणजे ती मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली! पहिल्या महायुद्धात रॉयल मिंटची शाखा मुंबईत काढली होती आणि १९१८ या एकाच सालाच्या जवळजवळ १३ लाख गिन्न्या तिथे पडल्या. घरात जुनी गिन्नी असेल तर नक्की हे अक्षर शोधा. आणि एक विनंती, तिला कडी लावून घेऊ नका, माळेत ओवायला भोक तर अजिबात पाडू नका. कडीसाठी झाळलेल्या किंवा भोक पाडलेल्या गिन्नीला नाणं म्हणून मिळणारा जास्तीचा भाव जातो, मग फक्त मोडीचा भाव उरतो. गळ्यात घालायचीच असेल तर वरून घट्ट बसणारं कोंदण मिळतं, त्यात नाण्याला धक्का लागत नाही.

नकली गिन्न्याही असतात, जुन्या काळी बैरुतमध्ये पुष्कळ बनायच्या. घरच्या घरी दोन गोष्टी बघा, न झिजलेल्या गिन्नीचं वजन दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ७.९८ ते ७.९९ ग्रॅम यायला हवं, आणि जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. हलका धातू वापरला तर वजन बरोबर आणायला नाणं जाड तरी करावं लागतं नाहीतर मोठं तरी, दोन्ही लपत नाही. शंका आली तर दुकानात मशीनवर तपासून देतात.

भारतात नेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांना कस्टममध्ये जी ड्युटीची सूट मिळते ती दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. पर्समध्ये एक गिन्नी आहे, कोण बघतंय, असं करू नका. विमानतळावर लाल चॅनेलमधून, म्हणजे ड्युटीच्या वस्तू सांगायच्या वाटेने, जा, बिल दाखवा, ड्युटी भरा, पावती घ्या. आणि ती पावती त्या गिन्नीबरोबरच ठेवा, पुढे सराफाकडे मोडायला गेलात तर तो आधी कागद मागतो, आणि बाहेरचं नाणं म्हणून घट सांगायला लागला तर ७.३२ चा हिशोब त्याच्यासमोर कागदावर मांडा.